उजवी फिरवलेली काशी

रघू शिवलकराने आमच्या मिऱ्या गावात सिनेमा दाखवला तेव्हा पडदा म्हणून जे धोतर लावले होते, ते माझे होते. हे लोक विसरतात. रघूचे नाव निघते, यंत्राचे निघते, धोतराचे कोणी काढत नाही. म्हणून आधीच सांगून टाकले.

रघू मुंबईला एका पारशी शेठकडे घरगडी होता. शेठला दरवर्षी नवा छंद लागे. एका वर्षी पोपट, एका वर्षी फिडल, आणि १९२८ साली हलती चित्रे काढायचा कॅमेरा. पानाच्या डब्याएवढी काळी पेटी, बाजूला एक मूठ. मूठ फिरवत राहायचे, समोर जे हलेल ते आतल्या फितीवर उतरते. फीत करंगळीएवढी रुंद. शेठने त्यावर महाबळेश्वर उतरवले, मग त्याला कंटाळा आला आणि त्याने मासे पाळले. कॅमेरा आणि चित्रे दाखवायचे यंत्र रघूकडे आले. पोपट त्याआधीच आला होता.

तेव्हापासून रघू गावाला येता-जाता प्रवास टिपू लागला. आगबोट, बंदरे, डोलणारे मचवे, उलट्या करणारे उतारू. मूठ एका लयीत फिरवावी लागते असे शेठने त्याला बजावले होते. रघू आमच्या भजनात मृदंग वाजवायचा, त्याने लय धरली ती गजराची. गजर सावकाश सुरू होतो आणि चढत जातो. त्यामुळे रघूच्या चित्रांत जयगडच्या बंदरावरची माणसे आधी आग लागल्यासारखी धावतात आणि मग हळूहळू देवासारखी चालू लागतात, असे तोच सांगे. आम्ही पाहिले नव्हते. गावात वीज नव्हती, आणि रघूच्या कलेपायी ती येईल असेही दिसत नव्हते.

त्याचा थोरला भाऊ गंगाराम मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. उभा जन्म खाऱ्या पाण्यावर गेला, आता एकदा गंगेत बुडी मारायची, एवढेच त्याच्या मनात होते. १९३१ साली शिमग्याच्या आधी त्याने काशीला जायचे ठरवले. बरोबर रघू. गंगारामाची बायको तुळसा हिनेही जायचे, असेच ठरले होते, पण गाय व्यायला झाली होती. गाय कोणाच्या काशीसाठी थांबत नाही. तुळसा मागे राहिली. गंगारामाने तिला सांगितले, "मी येतो आणि मावंदं घालतो. सगळा गाव जेवायला बोलवू." काशीहून सुखरूप परत आलेला माणूस गंगेचे पाणी भरलेल्या गडूची पूजा करतो आणि गावजेवण घालतो, तेच मावंदे. ते झाले की यात्रा पुरी. तुळसाने त्यासाठी तांदळाची एक कणगी वेगळी काढून ठेवली.

ती भगवती बंदरावर दोघांना पोचवायला गेली. रघू आधी आगबोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात जाऊन बसला आणि मूठ फिरवू लागला. आम्ही त्याला हसलो. त्या वेळी हसण्यासारखेच होते.

गंगाराम परत आला नाही. काशीला पोचल्यावर त्याने मनासारखी बुडी मारली, देवळे पाहिली, आणि मग ताप आला तो उतरलाच नाही. रघूने तिथेच घाटावर भावाला अग्नी दिला. तेव्हा त्याने मूठ फिरवली नाही, एवढी अक्कल त्याला होती. गावी आला तो डाख देऊन तोंड बंद केलेला गंगेचा गडू घेऊन. गडू त्याने वहिनीच्या हातात दिला आणि पडवीत तोंड झाकून बसला.

काशीला मरण आले म्हणजे सोने झाले, असे येणारा प्रत्येक जण तुळसाला सांगून गेला. मीही सांगितले. ती म्हणायची, "व्हय." पण तिचे दुःख नुसते तेवढे नव्हते. नवऱ्याची यात्रा अर्धी राहिली, हे तिच्या मनात घर करून बसले होते. माणूस परत आल्याशिवाय मावंदे नाही. मावंद्याशिवाय गडू फोडता येत नाही. देवाजवळच्या फळीवर गडू तसाच होता आणि कणगीतल्या तांदळाला ती हात लावू देत नव्हती. काशीला तर रघूही गेला होता, त्यानेच मावंदे घालावे, असे कोणी सुचवले. रघू म्हणाला, "मी यंत्र घेऊन गेलो व्हतो. यात्रा दादाची." गावालाही ते पटले. ज्याने सगळी काशी एक डोळा मिटून भोकातून पाहिली, त्याला पुण्य लागले तर किती लागणार!

फीत रघूने वर्षभर पेटीतून काढली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर तुळसाच त्याला म्हणाली, "भावोजी, त्येंची ती फिलम दाखवा मला." मग त्याने मुंबईला ती धुऊन घेतली, तुकडे चिकटवून एक लांब फीत केली, एकदा स्वतः पाहिली आणि यंत्रासकट गावी आणली. दिव्यासाठी मोटारीची बॅटरी चालते असे कळल्यावर रघूने हातखंब्याच्या एका मोटारवाल्याच्या पाया पडून बॅटरी मिळवली. अंधार मात्र उसना आणावा लागला नाही. आमच्याकडच्या माजघरात भर दुपारी हात पुढे केला तर दिसत नाही.

निम्मा गाव तुळसाच्या माजघरात दाटीवाटीने बसला. तुळसा पुढे, भिंतीला टेकून. समोर माझे धोतर. रघूने दिवा लावला आणि यंत्राची मूठ धरली. तेवढ्यात भिकाजीनाना बोलले. हे आमच्या भजनी मंडळाचे बुवा. कोणते फूल कोणत्या देवाला, कोणता पाय आधी उंबऱ्याबाहेर, सगळे त्यांना विचारायचे.

"रघू, मूठ कुठल्या अंगाला फिरवतोस?"

"डावीकडं, नाना."

"डावी? देवाच्या कामाला? डावं फिरतात ते मढ्याभवती!"

"यंत्राची चालच तशी हाय."

"यंत्र सायबाचं असंल. काशी आपली हाय. उजवी फिरव."

माजघर म्हणाले, उजवी. मूठ दोन्ही बाजूंना फिरत होती. मुंबईत पाहून झाल्यावर फीत मागे गुंडाळायची राहिली होती, ती शेवटालाच येऊन उभी होती. उजवी फिरवली की सगळे उलटे येणार, हे रघूला ठाऊक होते. पण भिकाजीनानांशी वाद घालून आमच्या गावात कोणी जिंकलेले नाही. रघूने उजवी फिरवली.

धोतरावर काशी आली. वर्षभर पेटीत राहिल्याने फितीवर डाग पडले होते, म्हणून काशीत पाऊस होता. एका गल्लीत देवळाच्या दारातून माणसे बाहेर येत होती, सगळी पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत. "बघा," भिकाजीनाना म्हणाले, "देवाला पाठ दाखवीत नायत. नायतर आपल्याकडं!" माझ्या शेजारच्या दोघांनी माना खाली घातल्या. मग घाट आला. पानावर सोडलेले दिवे प्रवाहाविरुद्ध वर चढत होते. याचे कोणाला नवल वाटले नाही. काशीला गंगा उलटी वाहते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मग गंगाराम दिसला. नेसूचे धोतर अंगाला चिकटलेले, ओलाचिंब, तो आमच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी पायऱ्या उतरला, गंगेत शिरला, पाणी त्याच्या डोक्यावरून गेले, आणि बुडी संपवून बाहेर आला तो कोरडा ठणठणीत. बायकांनी हात जोडले. ठमाबाई म्हणाली, "गंगेचं पानी! पाप घेऊन जाईल, पन अंगाला लागायचं नाय." रघू घाम पुसत मूठ फिरवत राहिला.

झाडे आली, डोंगर आले. आगगाडी कुठल्या तोंडाने धावते हे आमच्यापैकी कोणाला माहीत? मग आगबोटीचा कठडा, तिरका. मग मचवा. मचव्यात गंगाराम किनाऱ्याकडे तोंड करून बसलेला आणि पलीकडे भगवती बंदर, आधी नखाएवढे, मग मोठे होत चाललेले. कोणीतरी ओरडले, "आला! गंगाराम आला!" बंदरावर तुळसा दिसली. ती वाटेवरून उलट्या पावलांनी, पाठ करून बंदराकडे येत होती. बायका हसल्या. "लाजली गो! नवरा आला म्हणून पाठ करून येते!" मग ती वळली. मचवा किनाऱ्याला लागला, गंगाराम उठला, आमच्याकडे तोंड ठेवूनच फळीवरून वर गेला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघे काहीतरी बोलत होती. तिथे फीत संपली.

माजघरात कोणी उठेना. मी धोतराकडे पाहत बसलो होतो. त्याच्यावर आता काही नव्हते, पण सोडायला जायचा धीर होईना.

तुळसा उठली. तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे आले. आता मावंदं घालायचं."

गावचे भटजी दाराशी होते. ते म्हणाले, "तुळसाबाई, असं शास्त्रात नाही. गेलेल्या माणसाचं मावंदं होत नाही."

"गेल्याचं नाय, आल्याचं." ती भिकाजीनानांकडे वळली. "नाना, तुमीच उजवी फिरवायला सांगितलात. तुमी सांगा. हे आले का नाय?"

नाना पेचात सापडले. आला नाही म्हणावे, तर देवाचे काम उजवे फिरवूनही खोटे ठरले. आला म्हणावे, तर भटजी. त्यांनी रघूकडे पाहिले. रघू यंत्राचा एक स्क्रू बारकाईने न्याहाळत होता.

"आला," नाना शेवटी म्हणाले. "मी या डोळ्यांनी बगितला. बंदरावर उतरला."

"मग पुढची तिथी सांगा, भटजी," तुळसा म्हणाली.

मावंद्याच्या दिवशी गाव येतो की नाही, याची तिला धास्ती होती. सकाळपासून ती दहा वेळा पाखाडीच्या पायऱ्यांकडे पाहून आली. भटजी काय बोलले ते गावभर झाले होते, आणि एकानेही पान वाढून घेतले नसते तर गंगारामाची यात्रा कायमची अर्धी राहिली असती. पहिले भिकाजीनाना आले, बोलल्या शब्दाला बांधलेले. त्यांच्यामागून सगळे आले. पुण्यासाठी किती आणि वड्यांसाठी किती, ते मी सांगत नाही. शेवटी आलेल्या भटजींच्या देखत रघूने गडूचा डाख फोडला, घराघरांत गंगा वाटली. पहिल्या पंगतीत यजमानाच्या पाटासमोर तुळसाने पान मांडले. त्यावर सगळे वाढले. त्या पानाकडे कोणी टक लावून पाहिले नाही. सगळ्यांनी पोटभर जेवून आग्रह करायलाही जागा ठेवली नाही.

पंगती उठल्यावर मी धोतर न्यायला माजघरात गेलो. ते अजून तिथेच होते. तुळसा रघूला म्हणत होती, "भावोजी, आता डावी फिरवा."

रघूने तिच्याकडे पाहिले. "वयनी, तुला ठावं व्हतं?"

"पंधरा वर्षं तांडेलाच्या घरात काढली. मचवा येतो कसा नि जातो कसा, एवढं कळतंय मला. लावा."

मी परत फिरणार होतो, ती म्हणाली, बसा. आम्ही तिघेच होतो. रघूने मूठ डावी फिरवली.

दोघे बंदरावर बोलत उभी होती. गंगाराम फळीवरून मचव्यात उतरला, बसला. मचवा सुटला. तुळसा थोडा वेळ उभी राहिली, मग वळली आणि झपझप वाटेला लागली. गाय व्यायला झाली होती. तिने एकदाही मागे पाहिले नाही. गंगाराम तसाच बसून होता, किनाऱ्याकडे तोंड करून. बंदर लहान झाले, वाटेवरचा तो ठिपका दिसेनासा झाला, तरी त्याची मान तिकडेच.

"मी वळल्यावर पन हे बघत व्हते," तुळसा म्हणाली. "मला कोनी सांगितलंच नाय."

मग ती रडली. वर्षभराचे रडली. रघू मूठ सोडत नव्हता आणि डोळे पुसायला त्याला दुसरा हात सुचत नव्हता. मीही रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. आगबोट गेली, झाडे गेली, गंगाराम कोरडा गंगेत उतरला आणि ओला होऊन बाहेर आला, पायऱ्या चढून आमच्या अंगावर येईपर्यंत वर आला. दिवे प्रवाहाबरोबर खाली वाहत गेले, माणसे देवळात शिरली. फीत संपली.

"पुरे," ती म्हणाली. "आता गेले." आणि खरकटी काढायला बाहेर गेली.

धोतर मी परत मागितले नाही.