बाणाईची वेगळी टाकी

यवतला सोलापूर रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून हौसरावांचा ढाबा. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, पुढं राहू गावात शेती झाली, मग हा ढाबा आला. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं. पण २००४ साली पुण्याच्या एका हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी पाहिली, आत जिवंत पोवळी आणि मासे, आणि माणूस कामातून गेला.

महिन्याभरात तशीच टाकी त्यांच्या गल्ल्याशेजारी येऊन बसली. पाण्यात कालवायचं मीठ पुण्याहून यायचं. लोडशेडिंगमध्ये गिऱ्हाईक घामानं निथळायचं आणि जनरेटर चालायचा माशांसाठी.

"हौसराव, मासा मेल्यावर मीठ लावत्यात. तुम्ही जित्यापणीच लावलं," मी म्हणायचो.

त्यांची बायको म्हाळसावैनी आधी टाकीकडं पाठ करूनच भाकरी थापायच्या. एका सकाळी आतलं हिरवं पोवळं उमललं, शेवंतीच्या गुच्छासारखं. वैनी पिठाच्या हातांनी तशाच बघत राहिल्या. त्या दिवसापासून ते पोवळं त्यांचं झालं. देवाला दिवा लावायच्या आधी टाकीचा दिवा लागायला लागला.

टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे दोन जोकर मासे होते, गुणी लेकरं. पुण्याच्या दुकानदारानं बजावलं होतं, मासा घेताना रंग नंतर बघा, तो काय खातो ते आधी बघा. जो पोवळ्याला तोंड लावत नाही तोच आणा. हौसरावांनी मान डोलावली आणि एका रविवारी पिवळाधमक फुलपाखरू मासा घेऊन आले. दुकानदार नको नको म्हणत होता म्हणे.

"अजीमभाई, रविवार म्हंजी खंडोबाचा वार. वर ह्यो भंडाऱ्याचा रंग! न्हाई कसं म्हणू?" ते मला म्हणाले.

आणि नाव काय ठेवलं? बाणाई! खंडोबाची दुसरी बायको, धनगराची लेक. घरात म्हाळसा असताना! मी पोट धरून हसलो. वैनींनी फक्त पोळपाट आपटला.

बाणाई दिसायला देखणी, पण दिवसभर चोच मारत पोवळ्याभोवतीच. हौसराव म्हणायचे, "बघा, कशी लाडानं मुके घेती!" चार दिवसांत पोवळं मिटलं ते उघडेना. अर्धा गुच्छ बोडका झाला. तवा कुठं वैनींच्या ध्यानात आलं, ते मुके नव्हते, न्याहारी होती.

वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग वाचा फुटली आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्यालाही ऐकू गेली. "एक तर ती राहील, न्हाईतर माझं पोवळं!"

"आगं, देवाच्या नावाची हाय ती. दुकानात परत कशी धाडू?" हौसराव रडवेले.

"परत धाडा म्हणलं का मी? देवाला तरी जमलं का दोघींना एका घरात नांदवायला? जेजुरीत म्हाळसा गडावर, बाणाई अर्ध्या डोंगरात. तुम्ही देवापरीस शाणं?"

साक्षात खंडोबाचाच दाखला! हौसरावांनी लगेच पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला.

दुसरी टाकी आली. पण बाणाई दगडांच्या फटीत शिरली, ती निघेना. झारा घेतलेला हौसरावांचा हात खांद्यापर्यंत पाण्यात, एक ट्रकड्रायव्हर "इधर से, चाचा, इधर से!" ओरडतोय, तव्यावर भाकरी जळतायत. शेवटी वैनींनी बरणीत कोळंबीचा तुकडा टाकून ती टाकीत आडवी ठेवली आणि सगळ्यांना लांब हाकललं. थोड्या वेळानं बाणाई आपल्या पायानं, म्हणजे पंखानं, बरणीत गेली. ढाब्यात अशा टाळ्या पडल्या की लग्न लागलं वाटावं.

पोवळं मात्र बंदच. वैनी रोज वाकून बघायच्या आणि भाकऱ्यांकडं वळायच्या. मलाही वाटलं, गेलं ते. हौसरावांचं जेवण सुटलं. मग एका सकाळी वैनींची हाक आली, "अवोऽ, या की!" आम्ही धावलो. उरलेल्या गुच्छातली चार फुलं उघडली होती.

हौसरावांनी मला मिठी मारून उचललंच. खाली उतरून बघतो तर वैनी तिथं नव्हत्या. त्या दुसऱ्या टाकीपाशी उभ्या होत्या, कोळंबी बारीक चिरून बाणाईला घालत.

"तिचा काय दोष?" त्या म्हणाल्या. "भुकेली व्हती, आन् आपण तिला भरल्या ताटातच नेऊन बशिवली."