आक्काचा अर्ज

सातवीच्या फायनलच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झालो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारामागचं खोरं माझ्यापुढं ठेवलं आणि वांग्याच्या वाफ्याकडं बोट दाखवलं. बारामतीच्या जवळ, कालव्याच्या पाण्यावर आमचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, कांदे, कडेला चार पेरूची झाडं. आबा पहाटेपासून वाकलेले असायचे. मी तासभर वाकलो की माझी पाठ धरायची, आणि पाठ धरली की मी गावात निघून जायचो.

मला काम नको होतं असं नाही. मला काम न करता मोठं व्हायचं होतं. साप्ताहिकांच्या शेवटच्या पानावर तेव्हा जाहिराती यायच्या. घरबसल्या साबण करा, पंधरा दिवसांत इंग्रजी बोला, नोकरीसाठी सिद्ध अंगठी मागवा. मी अंगठी मागवली. तिनं महिन्याभरात बोट हिरवं झालं. मग स्मरणशक्ती वाढवण्याचं पुस्तक मागवलं. त्यात रोज पहाटे उठून एक तास सराव करायला सांगितला होता. तो मला जमला असता तर फायनलच झालो नसतो का, असं म्हणून मी ते पुस्तक पेटीत टाकलं. त्यानंतर शब्दकोडी आली.

त्यांचं वेड आमच्याकडं कसं पसरलं ते आज सांगून पटायचं नाही. स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात साप्ताहिक आलं की पाच-सहा डोकी त्यावर झुकायची. चौकटीतले शब्द भरायचे, कुपन कापायचं, फी मनीऑर्डरनं धाडायची आणि निकालाची वाट बघत बसायचं. एका शब्दाला दोन उत्तरं चालतील असं वाटायचं, त्यांतलं कोणतं बरोबर हे आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेलं असायचं. सगळी बरोबर आली तर हजारांचं बक्षीस. मला हे फार आवडलं. खोरं नाही, वही नाही, मास्तर नाही.

त्याच वर्षी आक्का परत आली. आक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला भिगवणच्या बाजूला दिली होती. नवरा पटकीनं दोन दिवसांत गेला, आणि सहा महिन्यांनी सासरच्यांनी तिला एका गाठोड्यासह आमच्या दारात आणून सोडली. आई आमची लहानपणीच वारलेली. आक्कानं आल्या दिवशी चूल सारवली आणि दुसऱ्या दिवसापासून आबांबरोबर मळ्यात वाकायला लागली. बाजारात पाटी घेऊन तीच बसायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत बसायची. कुणाच्या लग्नाची बातमी, कापसाचा भाव, कसल्याशा सभेतलं भाषण, हाताला येईल ते.

एकदा मी ओट्यावर कोडं घेऊन बसलो होतो. सूचक वाक्य होतं, 'याचा अतिरेक झाला की शेत बिघडते'. पहिलं अक्षर 'पा' दिलेलं. पाला की पाणी, यावर माझा अर्धा दिवस गेला होता. आक्का मेथीच्या जुड्या बांधत होती. ती तिथूनच म्हणाली, "पाणी लिव्ह."

"पाला का न्हाय?"

"पाला कुजला तर खत हुतं. कालव्याखालची रानं बघ की जाऊन. पाणी पिऊन पिऊन मिठानं पांढरी पडल्यात."

मी लिहिलं. मग तिला दुसरं विचारलं, तिसरं विचारलं. ती जुड्या बांधत उत्तरं देत गेली. फार विचार करतेय असं दिसत नव्हतं, पण प्रत्येक शब्दामागं तिच्याकडं एक कारण असायचं, आणि ते कारण तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. त्या कोड्यात आमच्या दोन चुका निघाल्या. त्या दोन्ही मी भरलेल्या शब्दांत होत्या. बक्षीस म्हणून गजराचं घड्याळ आलं आणि साप्ताहिकात बारीक अक्षरांत माझं नाव छापून आलं.

त्या नावानं माझं डोकं फिरलं. हॉटेलात लोक मला सरकून जागा द्यायला लागले. मामलेदार कचेरीतला एक कारकून मला "गुरुजी" म्हणायचा. मी शब्दांची कारणं सांगायचो, ती सगळी आक्काची असायची. घरी तिचं काम वाढलं होतं ते मला दिसत होतं. दिवसभर मळा, संध्याकाळी चूल, आणि भाकरी थापताना माझे प्रश्न. तिनं कधी कुरकूर केली नाही. उलट मला वाटायचं की तिला तेवढ्या वेळात बरं वाटतं. आजही मला तसंच वाटतं, पण ते मी माझ्या सोयीसाठी धरून ठेवलेलं असेल.

मग दवाखान्यातल्या नर्सबाईंची गोष्ट घडली. त्या आक्काकडून भाजी घ्यायच्या. रद्दी वाचणारी माळीण बघून त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी तिला विचारपूस केली आणि सांगितलं की पुण्याच्या एका इस्पितळात सुईणीचं शिक्षण देतात. दीड वर्षाचं. राहणं, जेवण तिथंच, वर थोडा पगार. पुढं तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी लागते. विधवा बाई असली तर आधी घेतात. एक अर्ज, शाळेचा दाखला, बापाची संमती आणि पुण्याला भेटीसाठी घरचं माणूस बरोबर, एवढंच हवं.

त्या दिवशी आक्का बाजारातून धावत आल्यासारखी आली. पाटी उतरवायच्या आधीच बोलायला लागली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "अर्ज म्या लिव्हते. दाखला तेवढा तू शाळंतनं आण. आबांना तू सांग. तुझं ऐकत्याल त्ये."

आबा खरंच माझं ऐकायचे. दोनदा नापास झालो तरी घरात शिकलेला मीच होतो. मी म्हणालो, "आणतो की."

तिनं अर्ज लिहिला. एकेक अक्षर सुटं, गोल, शाळेतल्या पाटीवर काढल्यासारखं. खाली आबांच्या अंगठ्यासाठी जागा सोडली. तो कागद मी घेतला आणि पेटीत, त्या स्मरणशक्तीच्या पुस्तकाखाली ठेवला.

मी तो का दिला नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. लबाडी करायची असं काही मी ठरवलं नव्हतं. शाळेत जायचं म्हणजे ज्या मास्तरांनी मला दोनदा नापास झालेलं पाहिलं त्यांच्यापुढं उभं राहायचं. आबांना सांगायचं म्हणजे आक्का गेल्यावर मळ्यात कोण, हा प्रश्न यायचा, आणि त्याचं उत्तर मीच होतो. आणि आक्का गेली तर शब्द कोण सांगणार होतं? हे सगळं मनात एका ओळीत कधी आलं नाही. उद्या जाऊ, एवढंच यायचं.

ती आठ-दहा दिवसांनी विचारायची. मी सांगायचो, "एखादं मोठं कोडं लागू दे. मग तू पुण्याला काय अशी हात पसरून जाशील? सवताची खोली करून राहा."

"मला खोली कशाला पायजे? तितं हाय म्हनत्यात राहायला."

"तुला कळत न्हाय, आक्का. थोडं थांब."

ती थांबली. नर्सबाई बाजारात तिला अर्जाचं विचारायच्या, आणि ती त्यांना सांगायची की भाऊ दाखला आणतोय.

त्या उन्हाळ्यात मोठं कोडं निघालं. बक्षिसाचा आकडा पहिल्या पानावर ठळक छापला होता. आक्का सांगत गेली, मी भरत गेलो. शेवटी एक वाक्य राहिलं. 'अडचणीच्या वेळी माणसाची खरी ही कळते.' शेवटची दोन अक्षरं 'मत' दिलेली. हिंमत की किंमत.

"किंमत," आक्का म्हणाली.

"अडचणीत हिंमत लागती आक्का, किंमत न्हाय."

"लागती व्हय. पर तितं 'कळते' लिव्हलंय. हिंमत दिसती. कळती ती किंमत. मला इचार की." एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मी तिच्यापुढं 'किंमत' लिहिलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात चर्चा झाली. सगळे हिंमत म्हणत होते. कारकून म्हणाला, गुरुजी, तुमचं काय? चौघांच्या विरुद्ध एक शब्द धरून बसायचा माझ्यात दम नव्हता. मी म्हणालो, अर्थात हिंमत. आणि तिथंच, त्यांच्या दौतीतून, खोडून हिंमत केलं आणि कुपन पाकिटात घातलं.

निकाल आला तो मी स्टेशनावर उभ्याउभ्या वाचला. किंमत होतं. बाकी आमचा एकही शब्द चुकला नव्हता. एक चूक असलेले इतके निघाले होते की आमच्या वाट्याला पाच रुपयेसुद्धा आले नाहीत. सर्वशुद्ध उत्तर पाठवणारा साताऱ्याकडचा कुणी होता. मी घरी येऊन सांगितलं, "आपल्या तीन-चार चुका निघाल्या." आक्का म्हणाली, "कंच्या कंच्या?" मी म्हणालो, अंक हॉटेलात राहिला.

महिन्याभरानं बाजारात पुडी बांधताना तो अंक तिच्या हाताला आला. त्या संध्याकाळी माझ्यापुढं ताट ठेवताना ती शांतपणे म्हणाली, "म्या किंमत सांगितलं व्हतं."

मी जेवत राहिलो.  त्यानंतर मी कोडं घेऊन बसलो की ती म्हणायची, "तूच बघ. मला न्हाय सुचत." तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा कुठं मी हललो. शाळेत गेलो. मास्तरांनी मला ओळखलंसुद्धा नाही, पाच मिनिटांत दाखला लिहून दिला. आबांना विचारलं. ते खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, "तिला जायाचं व्हतं तर आदी का न्हाय सांगितलंस?" त्यांनी अंगठा दिला. एवढ्यासाठी मी वर्ष घालवलं होतं. सगळं घेऊन दवाखान्यात गेलो, तर नर्सबाईंची बदली होऊन दीड महिना झाला होता. नव्या बाईंनी कागद पाहिले. त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, पण वयाची अट होती, आणि आक्काचं वय दाखल्यावरून काढलं तर पुढच्या वर्षी ती वयाबाहेर जात होती. त्यांनी ते मला बोटांवर मोजून दाखवलं.

आक्काला मी ते ओट्यावर सांगितलं. तिनं दाखला हातात घेतला, त्यावरचं स्वतःचं नाव वाचलं आणि कागद मला परत दिला.

दिवाळीनंतर इंदापूर तालुक्यातलं, शेळगावचं स्थळ आलं. आमच्यातलाच माणूस, बायको मेलेला, तीन पोरं, कोरडवाहू रान. आबा थकले होते. आपल्यानंतर हिचं काय, हे त्यांना झोपू देत नव्हतं. पाट लावायचं, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायचं, ठरलं. आक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." मी तिला म्हणालो, नको वाटत असेल तर सांग. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती चुलीकडं वळली.

पुढं जर्मनीची दुसरी लढाई सुरू झाली, कागद महागला, आणि आमचं ते साप्ताहिक बंद पडलं. हॉटेलातले लोक दुसरीकडं पांगले. आबांनी अंथरूण धरलं आणि मी खोरं घेतलं. ते मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मळ्यातलं पीक दर वर्षी थोडं कमीच निघायचं.

शेळगावला मी एकदाच राहायला गेलो. सर्व्हिस मोटारनं इंदापूर रस्त्याला उतरून पुढं चालत. आक्का विहिरीवर होती. पाणी इतकं खोल की दोराचा ढीग तिच्या पायाशी पडलेला. चेहरा रापला होता, हाताला चिरा होत्या. नवरा माणूस बरा होता, कमी बोलायचा. सावत्र पोरं तिला चिकटून होती. जेवण झाल्यावर आम्ही दोघंच अंगणात बसलो. मी बरेच दिवस मनात ठेवलेलं बोललो. "आक्का, तुझा अर्ज वर्षभर माझ्या पेटीत व्हता. दाखल्याला मी गेलोच न्हवतो."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझी पेटी म्याच आवरायची की."

"मग बोलली का न्हाईस?"

 मांडीवर झोपलेल्या लहान पोरीच्या डोक्यावरची माशी तिनं हातानं उडवली. "बोलून काय? दाखला आणायला बाप्या मानूस पायजे व्हता. भाऊ एकच हाय मला." मग म्हणाली, "आबांचा खोकला कसा हाय?"

मी सांगितलं, वाढलाय. ती म्हणाली, अडुळसा उकळून दे, मधात घालून. मी हो म्हणालो.

सकाळी ती रस्त्यापर्यंत आली नाही. विहिरीवर तिची पाणी भरायची पाळी होती. मी एकटाच निघालो. मोटार भरून आली होती, थांबली नाही. दुसरी दुपारनंतर होती, म्हणून मी बाभळीखाली बसून राहिलो.