बिनबोलाचा ठोका

ताडकळसला भाचीच्या लग्नात तो डीजेवाला मला एकदाच भेटला. वरातीत दोन टोळकी ‘आमचंच गाणं लाव’ म्हणून हातघाईवर आली होती. त्यानं स्पीकरच्या टेम्पोवर उभ्या उभ्या गाणीच बंद केली आणि डोळे मिटून नुसता एकसारखा ठोका सुरू केला. जरा वेळानं भांडणारेच नाचायला लागले.

“हे काय लावलंत?” मी विचारलं.

“हाऊस म्युझिक. तिकडं शिकागोत ज्यांना कुठं नाचू देत नव्हते, ते एका गोदामात, म्हंजे वेअरहाऊसमधी, जमून ह्याच्यावर नाचायचे. त्या गोदामावरूनच नाव पडलं म्हणत्यात. ह्यात बोलच न्हाईत, मग भांडायचं कशावरून?”

एवढ्यात त्याला नवरदेवाची विधवा मावशी दिसली. ती ओट्याच्या कडेला उभी होती आणि निऱ्यांआड तिचा पाय ताल धरत होता. ठोका चालूच ठेवून त्यानं ड्रायव्हरच्या केबिनवर थाप मारली आणि टेम्पो तिच्यासमोरच थांबवला.