कानसेनांनी दिलेला निकाल

त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. कोणी तोंडावर म्हटलं की "छे हो, कसलं काय" म्हणून हात झटकायचे, पण त्या दिवशी घरी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे.

पोटापाण्याला नोकरी होती वजनमापांच्या खात्यात. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे. मखमलीच्या खणांची पेटी, तीत पितळी वजनं. ती चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन चढतं. आधी रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर आहे का बघायचं, मग वजन ठेवायचं, मग काढून तेच वजन पुन्हा ठेवायचं. दोन्ही वेळा काटा एकाच जागी थांबला तर शिक्का, नाहीतर तराजू नापास. सव्वीस वर्षांत कोणाच्या गोड बोलण्याला ते भुलले नव्हते. हे मुद्दाम सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते किती लाजिरवाणं होतं हे कळेल.

जीव मात्र सगळा हेडफोनांत. आता तुम्ही म्हणाल, हेडफोन म्हणजे काय, डोक्यावर चढवायचे आणि गाणं लावायचं. अहो, तसं कानसेनांसमोर बोलून बघा! त्यांच्या लेखी ती तीन जणांची सोयरीक होती. गाण्याचे आकडे विजेत उतरवणारा कन्व्हर्टर, त्या विजेला बळ देणारा ॲम्प्लिफायर, आणि शेवटी हेडफोन. एखादा महागडा हेडफोन इतका जड अंगाचा असतो की साध्या ॲम्प्लिफायरनं तो हलतच नाही, आणि एखादा इतका हलका की ताकदीचा ॲम्प्लिफायर जोडला तर गाण्याआधी सूं ऐकू येतं. कोणाला कोण मानवेल हे जुळवण्यात कानसेनांचा हात कोणी धरत नसे. ऑफिसात दोन वाक्यं बोलायला महाग असलेला हा माणूस आवाजाचं वर्णन करायला लागला की थांबायचा नाही.

बाजारपेठेत अशा वस्तूंचं एक दुकान होतं. त्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी पाच-सहा षौकीन जमायचे. खाली जाजम, भिंतीला जाड पडदे, मधोमध टेबल. दुकानदार नवीन माल आणायचा, कानसेन ऐकायचे आणि निकाल द्यायचे. ते "ठीक आहे" म्हणाले की ती वस्तू कपाटात मागे जायची, आणि डोळे मिटून मान हलवली की संध्याकाळपर्यंत खपायची.

कानसेनांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. गल्लीत एक खोलीचं दुकान, भिंतीला उघडे पडलेले टीव्ही टेकवलेले, टेबलावर कथलाचे थिजलेले थेंब. मान खाली घालून काम करणारा, शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यानं दीड वर्ष खपून हेडफोनचा एक ॲम्प्लिफायर बनवला. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, डबा स्वतः कापला. दुकानदारानं बघितला, उलटा करून आतलं काम बघितलं आणि म्हणाला, "हात चांगला आहे. तुमच्या भाऊजींनी पास केला तर दहा बनवून द्या. मी विकतो."

झालं, रविवार ठरला. एका बाजूला परदेशी, नाव ऐकूनच लोक आदरानं मागे सरकतील असा ॲम्प्लिफायर, दुसऱ्या बाजूला मेहुण्याचा. मध्ये स्विचबॉक्स. त्यावर एक गोल बटण, पांढरी रेघ एकवर फिरवली की परदेशी वाजणार, दोनवर फिरवली की मेहुण्याचा. मेहुण्यानं आदल्या दिवशीच मीटर लावून दोघांचा आवाज बरोबर सारखा करून ठेवला होता, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो. कोणाला फुकटचा फायदा नको म्हणे. असा सरळ माणूस.

कानसेन बसले. हेडफोन चढवले, बटण एकवर.

"वा! काय हवा आहे हो! बाई गायच्या आधी श्वास घेते तोसुद्धा दिसतोय."

बटण दोनवर. कपाळाला आठी.

"आं... नाही. मेहुणा आपला आहे, पण कानाशी बेइमानी करता येत नाही. ओल्या रजईखाली बसून गातेय असं वाटतंय."

सगळे खो खो हसले. मग पाळीपाळीनं प्रत्येकानं हेडफोन लावले आणि प्रत्येकाला ती रजई ऐकू आली. बँकेतून रिटायर झालेल्या कॅशियरना तर रजईचा वाससुद्धा येईल की काय असं वाटलं. शेवटी मेहुण्यानं लावले. त्यानं बटण चार वेळा इकडून तिकडे फिरवलं. मग हेडफोन काढून ठेवले आणि हळूच म्हणाला, "मला तर दोन्ही सारखेच वाटतायत."

"तोच तर फरक आहे ना तुमच्यात आणि कानसेनांत," दुकानदार म्हणाला. पुन्हा हशा. मेहुण्यानं डबा कापडात गुंडाळला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी कानसेन लवकर गेले. एका गिऱ्हाइकासाठी परदेशी ॲम्प्लिफायरवर दोन हेडफोन ऐकवायचे होते. दुकानदार खाली, वर ते एकटेच. त्यांनी स्विचबॉक्सवरचं कापड काढलं, एकच ॲम्प्लिफायर असल्यानं एकच्या भोकात वायर खुपसली, बटण एकवर ठेवलं. आवाज नाही. बटण फिरवून परत एकवर आणलं, तरी आवाज नाही. सहज वायर दोनच्या भोकात घातली, आणि गाणं धो धो सुरू झालं. बटण होतं एकवर.

त्यांनी बटण फिरवून पाहिलं. ते हलक्या हातानं फिरत होतं, फारच हलक्या. त्याचा बारीक स्क्रू ढिला होता. वरचं बटण नुसतंच गरगरत होतं आणि आतला दांडा दोनवर होता तिथेच होता.

जिन्यातून खाली वाकून कानसेनांनी दुकानदाराला विचारलं, "या बॉक्सला आठवड्यात कोणी हात लावला होता का हो?"

"छे! मागच्या रविवारी झाकून ठेवला तो तसाच आहे. का?"

म्हणजे त्या दिवशी परदेशी ॲम्प्लिफायर वाजलाच नव्हता. एकवर काय आणि दोनवर काय, दोन्ही वेळा मेहुण्याचाच. ती हवाही त्याचीच होती आणि ती रजईही. सगळ्या माडीत खरं बोलला होता तो एकटा मेहुणा, आणि त्यालाच सगळे हसले होते. रस्त्यातल्या भाजीवाल्याचा तराजूसुद्धा कानसेनांनी शून्य न बघता कधी पास केला नव्हता. स्वतःच्या घरच्या माणसाला मात्र, ते बटण एकदा हलवूनही न बघता, नापास करून बसले होते.

तरी इथवर चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते. पण त्यानंतर त्यांनी काय करावं? तराजूंसाठी खिशात असायचा तो बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि तो स्क्रू आवळून टाकला. दोन फेरे. जिन्यावरून हाक आली, "जमलं का?"

"जमलं," कानसेन म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. मनात म्हणायचे, सांगू, जरा वेळ बघून सांगू. माडीवर सांगायचं म्हणजे कानसेनपणाच गेला. कॅशियर काय म्हणतील, दुकानदार काय तोंड करील! आणि घरी सांगायचं म्हणजे बायकोच्या भावाचा मामला. असं म्हणता म्हणता आठवडा गेला आणि मेहुणाच दारात उभा. हातात तोच डबा.

"भाऊजी, आतले कंडेन्सर बदललेत. जरा ऐकता?"

सांगायची याहून चांगली वेळ कुठली? पण कानसेनांनी हेडफोन लावले, घसा खाकरला आणि म्हणाले, "थोडा मोकळा झालाय." मेहुण्याचा चेहरा असा उजळला की त्यांना खाली बघावं लागलं.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी वायरिंग बदललेलं, कधी डबा. एकदा तर ट्रान्सफॉर्मर उसवून नव्यानं गुंडाळलेला. दर वेळी कानसेन काहीतरी बोलायचे. "आता खालचा सूर भरलाय." "जरा अजून हवं." आपण काय बरळतोय हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. धडधाकट वस्तूची चिरफाड चालली होती आणि ते शेजारी बसून मान डोलवत होते. एका खेपेला मेहुणा म्हणाला, "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान ठणठणीत आहेत म्हणाले. पण मग मला तो फरक का नाही ऐकू येत?" कानसेन उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून उगाच तोंड धुत राहिले.

सातव्या आठवड्यात तो शनिवारी दुपारी आला तो डबा टेबलावर ठेवून नुसताच बसला. बहिणीनं चहा दिला तो तसाच गार झाला.

"ताई, मी रेडिओची कामं बंद करतोय," तो म्हणाला. "लोकांचे सेट परत करून टाकले. पंख्याच्या कारखान्यात मोटारी बसवायचं काम आहे, ते धरतो. ज्याला चांगलं-वाईट ऐकू येत नाही त्यानं लोकांची यंत्रं कोणत्या तोंडानं उघडायची?"

"अरे, वेडा आहेस का? हातातली कला सोडतोस?" ताई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी सांगा ना त्याला काही!"

कानसेनांनी सांगितलं. ढिला स्क्रू, आतला दांडा, दोन फेरे, "जमलं" म्हणालो तेसुद्धा. सांगताना चार ठिकाणी अडखळले. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. तुझं काही चुकलं नव्हतं रे."

मेहुणा चक्क हसला. "भाऊजी, किती चांगले आहात तुम्ही! मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं नाव घालवायला निघालात."

आता काय करावं या माणसाला! कानसेनांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

"खरं बोलतायत ते," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "खोटं बोलताना ते असे अडखळत नाहीत. छान बोलतात."

मेहुण्याला तरी पटेना. मग कानसेन उठले. घरात त्यांचे दोन कन्व्हर्टर होते, एक नवा, पैसे साठवून साठवून घेतलेला, आणि एक जुना, ज्याला ते "टिनपाट" म्हणायचे. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं त्यांनी माडीवर शंभरदा सांगितलं होतं. मीटरनं आवाज सारखा करायला त्यांनी मेहुण्यालाच लावलं. मग भिंतीकडे तोंड करून बसले, डोळ्यांवर टॉवेल बांधून घेतला आणि म्हणाले, "तू मागून वायर बदल, वाटेल तेव्हा. मी सांगतो कोणता ते. तू लिहीत जा."

पहिला बरोबर आला. दुसरा चुकला. तिसरा चुकला. चौथ्याला कानसेन इतका वेळ थांबले की ताईला वाटलं गाणं बंद पडलंय. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. चौथा बरोबर, पाचवा चूक, सहावा चूक. सातव्याला ते "नवा" म्हणाले आणि मागून पेन्सिलीचा आवाज आला नाही.

"बास, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

कानसेनांनी टॉवेल काढला. मेहुण्याच्या चेहऱ्यावर आता ते हसू नव्हतं. पेन्सिल त्यानं खाली ठेवली होती.

"सात आठवडे," तो म्हणाला. "सात आठवडे मी तुमच्या दारात येत होतो."

"हो."

"आणि तुम्ही सांगत होतात, खालचा सूर भरलाय."

"हो. मला लाज वाटत होती रे. लाज वाटत होती म्हणून आणखी लाजेचं काम करत गेलो. उद्या माडीवर सगळ्यांसमोर सांगतो."

"ते तुमचं तुम्ही बघा." त्यानं डबा पुढ्यात ओढला आणि झाकणावरून तळहात फिरवला. "जुने पार्ट मी फेकून दिले. ट्रान्सफॉर्मरची तार भंगारात गेली. याचं आता काय झालंय मला ठाऊक आहे, घुमतोय हा. पण भाऊजी, एकच सांगा. तुम्ही ऐकलाय तो तसाच्या तसा असताना. मी सारखा त्यावर काम करत होतो, मला माझं कळत नव्हतं. तो चांगला होता का हो?"

कानसेनांनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, हवा, श्वास, सगळे. पण ते शब्द त्यांनी परदेशी नावाकडे बघून काढले होते. दुसरे शब्द या घरच्या माणसाकडे बघून. त्या सकाळी कानात नेमकं काय वाजत होतं ते आठवायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. स्वतःच्या बोलण्याखेरीज काहीच आठवेना.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी ऐकलंच नाही."

मेहुण्यानं मान हलवली. "म्हणजे आता कोणालाच कळणार नाही," तो म्हणाला, आणि डबा काखेत धरून उठला. ताई त्याला सोडायला खालपर्यंत गेली.