गुरुवारचं पाणी

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. इथे नागपूरच्या कचेरीत शिपायाला वाटलं, टपालात फाटलं असेल. पण मी बनारसमध्ये पाच वर्षं काढली आहेत आणि तिकडे कोपरा फाडलेलं कार्ड कोणती बातमी घेऊन येतं ते मला माहीत होतं. म्हणून मी ते लगेच वाचलं नाही. टेबलावर पालथं ठेवलं, हातातल्या दोन फायली उरकल्या, मग उलटं केलं. दुर्गाघाटचे गोविंद पाध्ये गेले होते. तेरावा कधी आहे तेही लिहिलं होतं आणि तो दिवस उलटून गेला होता.

पाध्ये कुणी मोठे गृहस्थ नव्हते. तिथल्या एका सात मजली सरकारी हॉस्पिटलात ते आगीच्या नळांचे फिटर होते. अशा इमारतींच्या जिन्यात एक जाड तांबडा पाइप तळापासून गच्चीपर्यंत गेलेला असतो. प्रत्येक मजल्यावर त्याला चाकाचा एक व्हॉल्व असतो. आग लागली तर तिथे होज जोडायचा आणि चाक फिरवायचं. एरवी त्या पाइपाकडे कुणी बघत नाही, फार तर ओला टॉवेल वाळत घालतात. पाध्ये मात्र, मी तिथे गेलो तेव्हा, सव्वीस वर्षं त्याच्याकडेच बघत आले होते. घराणं भिक्षुकांचं, भाऊ घाटावर यजमानकृत्य करणारे. गल्लीतले लोक त्यांना टोमणा मारायचे की भटाचा पोरगा पाना घेऊन फिरतो. पाध्ये म्हणायचे, "वडिलांनी जन्मभर यजमानांच्या हातावर पाणी सोडलं, मी पाइपात सोडतो. खानदानी धंदा सोडला कुठे?"

मी तिथे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून गेलो तेव्हा पंचविशीचा होतो. वडील आमच्या तालुक्याच्या गावी गवंड्याच्या हाताखाली काम करत. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. हिंदी सिनेमापुरती येत होती. पहिल्या दिवशी पंपरूममध्ये हजेरी घेताना मी सगळ्यांशी तोडक्या हिंदीत बोलत होतो, तेव्हा मागून एक किडकिडीत गृहस्थ म्हणाले, "साहेब, थकून जाल. मराठीत बोला, मी तर्जुमा करतो." त्या रविवारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. दुर्गाघाटच्या गल्लीत समोरून गाय आली तर दोघांपैकी एकाला दारात शिरावं लागतं, इतकी ती अरुंद. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. मी "आपण त्रास घेतलात" असं काहीतरी म्हणालो, तर माई हसायला लागल्या. "अहो ऐकलं का, हा पुस्तकातलं बोलतोय! इकडे असं बोललास तर भाजीवाला दाम दुगना लावेल." पुढची पाच वर्षं माझा रविवारचा भात त्या घरी होता. घरापासून इतक्या लांब मला कुणी अरेतुरे करणारं होतं, याचं मोल मला तेव्हाही कळत होतं. पण पुढे जे झालं ते त्यामुळे टळलं नाही.

पाध्येंची कामाची पद्धत मला चमत्कारिक वाटली होती. पंपाजवळच्या प्रेशरच्या घड्याळाचा काटा कित्येक वर्षांपासून एकाच आकड्यावर अडकलेला होता. तपासणीला येणारे साहेब तो आकडा लिहून घ्यायचे आणि चहा पिऊन जायचे. पाध्ये त्या घड्याळाकडे बघतसुद्धा नसत. दर गुरुवारी सकाळी ते पाना आणि जाड कापडाची एक बाही घेऊन सातव्या मजल्यावर चढायचे आणि तिथून एकेक मजला उतरत प्रत्येक व्हॉल्व उघडायचे. व्हॉल्वखाली बादल्यांची रांग लागलेली असायची. उन्हाळ्यात वॉर्डातल्या नळांना सकाळी सातनंतर पाणी नसे. रोग्यांचे नातेवाईक, आया, सफाईवाल्या सगळ्या गुरुवारची वाट बघत. बाही व्हॉल्वच्या तोंडाला बांधायची, चाक थोडं फिरवायचं, बादल्या भरून द्यायच्या, चाक बंद करायचं. मग पाध्ये खाली येऊन बोअरचा पंप चालू करत आणि गच्चीवरची टाकी पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत जागचे हलत नसत.

चौथ्या मजल्यावर रामरती नावाची एक आया होती. तिची जीभ तिखट. "का हो पंडितजी, आज धार एतना पातर काहे? घर से खाके ना आए का?" असं ती धार बारीक झाली की ओरडायची. पाध्ये हसत, पण लगेच वर जाऊन टाकीची जाळी साफ करत. एकदा कुणीतरी पाइपाच्या वाटेतला व्हॉल्व अर्धा बंद करून ठेवला होता, तोही रामरतीच्या ओरडण्यामुळेच सापडला. "साहेब, ते खालचं घड्याळ मेलेलं आहे," पाध्ये म्हणायचे, "माझं घड्याळ चौथ्या मजल्यावर आहे. आणि ध्यानात ठेवा, व्हॉल्व बघायचा नसतो, फिरवायचा असतो."

मी ध्यानात ठेवलं नाही. मी नियम वाचून आलेला मुलगा होतो आणि आगीचं पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही असं नियमात स्वच्छ लिहिलं होतं. एका मे महिन्यात गुरुवारी बादल्या भरून झाल्या आणि वीज गेली. ती संध्याकाळी आली. तोवर गच्चीवरची टाकी निम्मी रिकामी, आणि खाली सात मजले रोगी. पाध्ये दिवसभर पंपाशेजारी स्टुलावर बसून होते, जेवले नाहीत. मी मात्र घाबरलो होतो. आजही वाटतं, घाबरण्यात चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आदेश टाइप करून घेतला की लेखी परवानगीशिवाय आगीच्या यंत्रणेतला कोणताही व्हॉल्व कुणीही उघडू नये. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात माझ्या सहीने निघालेला तो पहिला आदेश. एक प्रत पंपरूमच्या भिंतीवर काचेखाली लागली. एक कार्बन कॉपी मी वडिलांना पाठवली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती ट्रंकेत ठेवली आणि गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली.

पाध्येंनी काचेसमोर उभं राहून आदेश सावकाश वाचला. "कायदा बराबर आहे साहेब. पण मग चाक कोण फिरवणार?"

"तीन महिन्यांतून एकदा परवानगी घेऊन फिरवू. तुम्ही अर्ज द्या, मी पुढे पाठवतो."

त्यांनी अर्ज दिले. एक, दोन, तीन... मी ते पुढे पाठवले आणि ते कुठल्यातरी टेबलावर पेपरवेटखाली जाऊन बसले. गुरुवारी बादल्या घेऊन बायका जिन्यात उभ्या राहायच्या आणि पाध्ये त्यांना हात जोडायचे. काही आठवड्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. वर्षभराने तपासणीच्या आधी ठेकेदाराच्या माणसांनी सगळे पाइप, व्हॉल्व, चाकं तांबड्या रंगात न्हाणून काढली. मला ते फार छान दिसलं.

पुढच्या थंडीत एका दुपारी चौथ्या मजल्यावर गाद्या आणि कांबळी ठेवायच्या खोलीला आग लागली. मी धावत वर पोचलो तेव्हा पाध्ये व्हॉल्वच्या चाकाला लोंबकळत होते. चाक तसूभर हलत नव्हतं. गंज आणि वरून रंग... त्यांनी पाना लावून पूर्ण अंग टाकलं, पाना सटकला आणि उजव्या खांद्यातून कट्‌ असा आवाज आला तो मीही ऐकला. रामरती आणि इतर आया रोग्यांना चादरींत घालून उतरवत होत्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व कसाबसा उघडला, तिथून होज ओढत वर आणला आणि आग विझली. कुणी दगावलं नाही. पण वॉर्ड रिकामा व्हायला आणखी थोडा उशीर झाला असता तर मी आज हा लेख लिहायला कुठल्या तोंडाने बसलो असतो, ते माहीत नाही. पाध्येंचा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही.

चौकशीला तीन अधिकारी होते. पाध्ये गळ्यात हात बांधून उभे. मी शेजारी. व्हॉल्व दीड वर्ष का फिरवला नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, परवानगी नव्हती. "मतलब गलती इंजिनिअर साहब की है?" एकाने विचारलं. नोकरीत कायम व्हायचं अजून बाकी होतं. पाध्ये हिंदीत जे बोलले ते मी मराठीत लिहितो. "यांना इथे दोन वर्षं झाली, मला अठ्ठावीस. व्हॉल्व जाम होणार हे यांना मालूम नव्हतं. मला मालूम होतं. मी कागदाला घाबरलो. तेव्हा लिहायचं असेल तर दोघांचं लिहा, पण माझं आधी." त्यांनी मला वाचवण्यासाठी खोटं काहीच सांगितलं नाही. जे खरं होतं तेच सांगितलं. मला तोंडी समज मिळाली. त्यांचं फोरमन होणं कायमचं राहिलं.

बाहेर जिन्यात ते म्हणाले, "साहेब, एक काम करा. तो कागद रद्द करा."

मी म्हणालो, "हो, करतो."

मी केला नाही. तो रद्द करायचा म्हणजे तो चुकीचा होता असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. आधी वाटलं, कायम होऊ दे. मग वाटलं, बढतीचा रिपोर्ट जाऊ दे. मग वरिष्ठ बदलले, आणि नव्या माणसापुढे जुनं कशाला उकरा... पाध्येंनी वर्षभराने पुन्हा आठवण करून दिली. तोवर त्यांनी स्वतःच गुरुवार पुन्हा सुरू केला होता, डाव्या हाताने, आदेशाच्या विरुद्ध. ते वर चढताना दिसले की मी केबिनमध्ये फाइल उघडून बसायचो. कुणी तक्रार केली असती तर त्यांची पेन्शन अडकली असती. मी फक्त न पाहिल्यासारखं केलं आणि त्याला मी मनात मदत म्हणत होतो.

माझी बदली झाली तेव्हा ते स्टेशनवर पोचवायला आले. माईंनी दिलेला डबा माझ्या हातात ठेवला. गाडी हलायच्या आधी म्हणाले, "तो कागद राहिला." मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनीच हात हलवला. "असू द्या. तुम्ही पण दमलात." त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दिवाळीला पत्रं पाठवत होतो. त्यांत कागदाचा विषय कधी नव्हता.

कार्ड आल्यावर दोन आठवड्यांनी रजा काढून गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाध्येंचा ताप उतरलाच नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मीच कागदाची गोष्ट काढली. वाटलं, निदान यांना तरी सांगावं.

"मला माहीत आहे रे," माई म्हणाल्या. "रिटायर होईपर्यंत दर गुरुवारी निघताना सांगून जायचे. आज कुणी धरलं तर संध्याकाळी देर होईल, जेवून घे."

मी विचारलं, "माझ्यावर रागावले होते का हो?"

त्या म्हणाल्या, "राग करायला पण दम लागतो. सात मजले चढून आलेला माणूस काय राग करणार? पाय दाबून घ्यायचे आणि झोपायचे."

तिथून मी हॉस्पिटलात गेलो. पंपरूममध्ये काचेखाली माझा आदेश होता. शाई फिकी झाली होती, सही वाचता येत होती. नवा फिटर तिशीचा, नम्र. पाध्ये रिटायर झाल्यावर साहेबांनी ऑर्डरप्रमाणे चालायला सांगितलं, म्हणाला. "तब से किसी ने नहीं छुआ, सर. एकदम सेफ है." मी त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं की हा आदेश मी काढला होता, तो चुकीचा होता, त्यामुळे एकदा आग आटोक्यात यायला उशीर झाला, व्हॉल्व दर आठवड्याला उघडावेत आणि टाकी भरल्याशिवाय जागा सोडू नये. खाली सही केली. हे लिहायला दहा मिनिटं लागली. आताच्या वरिष्ठांनी तो वाचला, "देखते हैं" म्हणाले आणि पेपरवेटखाली ठेवला. मला आता तिथे काही अधिकार नाही, त्यांचंही बरोबर होतं.

फिटरला म्हटलं, पाना घे आणि चौथ्या मजल्यावर चल. तो घुटमळला. "सर, ऑर्डर..."

"ऑर्डर मेरा ही है," मी म्हणालो.

या वयात चढताना मला दोनदा थांबावं लागलं. चाकाचा रंग खरवडला, तेल सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं. अर्ध्या तासाने चाक कुरकुरलं. आधी हवा आली, मग विटकरी पाणी, मग पांढरं. रामरती आता तिथे नाही. पण आवाज ऐकून वॉर्डातून एक बाई बादली घेऊन आली आणि जराही नवल न वाटता तिने ती धारेखाली सरकवली. बादली भरेपर्यंत ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

"अब हर हफ्ते मिलेगा का, बाबू?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी माझी गाडी होती.