माझं बोट आणि पेप्टाइड

"कल्चर रिपोर्ट आलाय. एमआरएसए आहे," पेणच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू. "हाडापर्यंत पोचले तर बोट काढावं लागेल."

उजव्या हाताचं पहिलं बोट! मी रोह्याची मेंदीवाली. याच बोटानं कोन धरते, म्हणून अख्ख्या मोहल्ल्यातल्या नवऱ्या माझ्याकडे येतात. तिथंच मला रडू कोसळलं.

सुरुवात साध्या फोडानं झाली. आमच्यात घरटी कुणीतरी गल्फला. त्यांच्या बॅगेतून खजुराबरोबर अँटिबायोटिकच्या कॅप्सूलही येतात. मोठी जाऊ, म्हणजे आमची भाबी, म्हणाली, "घे गो, दोन दिवसांत बसतंय." घेतल्या. ठणका गेला की बंद, वाढला की परत सुरू. शेवटी बोट वांग्यासारखं सुजलं.

चीर देऊन पू काढला. मग सलाइनमधून रोज डॅप्टोमायसिन. हे काय, असं विचारलं तर डॉक्टर रंगातच आले.

"आपली कातडी स्वतः अँटिमायक्रोबियल पेप्टाइड बनवते. प्रोटीनचे बारके तुकडे, ते जंतूचं आवरणच फोडतात. बेडकाच्या कातडीतही असतात. हे औषध त्यांच्याच नात्यातलं."

"मग त्यांचं मलम द्या ना!"

"ती मलमं अजून बहुतेक संशोधनातच आहेत. पण अँटिबायोटिक हरतात तिथं मोठी आशा आहे."

या अल्ला! माझ्या कातडीत औषधाचा कारखाना, आणि मलाच पत्ता नाय! शेजारच्या खाटेवरच्या, जिते गावच्या मावशींना, नर्सला, सगळ्यांना मी हेच सांगत सुटले. डबा घेऊन आलेला नवरा म्हणाला, "आता तूच डाक्टरीण झालीस गो."

ड्रेसिंग करताना मात्र बोटाकडे बघायची हिंमत व्हायची नाय. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "पू थांबलाय. वाकवून दाखवा."

वाकेना. परत जोर केला. कळ आली, पण वाकलं, अंगठ्याला टेकलं! मी अशी ओरडले की नर्स धावत आली. डॉक्टर, नर्स, सगळ्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाय.

तुम्हाला असा फोड आला तर उरल्यासुरल्या कॅप्सूल गिळू नका, सरळ डॉक्टर गाठा.

घरी आले तर भाबी माझ्यासमोर येईना. मी तिला ओढून बसवलं आणि पहिली मेंदी तिच्याच तळव्यावर काढायला घेतली. रेघ जरा थरथरली. ती रडायला लागली.

"हात हलवू नको गो भाबी," मी ओरडले, "मेंदी फिसकटतेय!"