नत्थूने पाळ फोडली

भावजयीचा, कौतिकाचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या घरी शिकवणीच्या मुलींना भूमिती शिकवत होते. "ताई, हे उठून नाई राहिले..." एवढंच ती बोलली. माझा धाकटा भाऊ नत्थू दुपारी जेवून खाटेवर आडवा झाला, तो तसाच गेला. त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे हळू आवाजात बोलतात. मला मात्र त्याच्याबद्दल भरभर सांगावंसं वाटतं, कारण हा माणूस हळू आवाजात सांगण्यासारखा नव्हताच.

आम्ही गोंदियाजवळच्या कामठा गावचे. मी शाळेत कायम पहिली, पुढे गणिताची शिक्षिका. नत्थू दहावीला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा गणितातच गेला. बाबा म्हणत, "हिच्यातलं पावभर डोकं याले असतं, तं बरं झालं असतं." ते ऐकून सगळ्यांत आधी नत्थूच हसायचा. तो शेतीत रमला, मी शहरात आले. मुख्याध्यापकपद माझ्याऐवजी दुसऱ्याला मिळालं, ते दुःख मी निवृत्तीनंतरही उगाळत होते. एकदा चिडूनच त्याला विचारलं, "तू एवढा खूश कसा रे राहतोस?" तो म्हणाला, "थांब, इचार करून सांगतो." आणि बैलांना पाणी दाखवायला गेला तो विसरूनच गेला.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच्या धानाच्या वरच्या बांधीत, म्हणजे मातीच्या पाळीने पाणी अडवलेल्या शेताच्या तुकड्यात, सारस पक्ष्यांच्या जोडीने घरटं केलं. मग काय, रोज फोन. "ताई, अंडं देलन." दोन दिवसांनी, "ताई, दोन झाले ना." मादी उठली, नर बसला, कोल्ह्याला हाकललं... सगळं धापा टाकत सांगायचा. आधी मी कंटाळून ऐकायचे, मग दुपारपासून वाट बघू लागले.

अशात तीन दिवस पावसाची झड लागली. बांधी तुडुंब भरली, पाणी घरट्याला टेकलं. नत्थूने फावडं घेतलं आणि स्वतःच्या बांधीची पाळ फोडली. पाणी त्याच्याच खालच्या बांधीत घुसलं आणि आठवड्यापूर्वी केलेला रोवणा, धानाची लावलेली रोपं, सगळा वाहून गेला. मी फोनवर कडाडले, "डोकं आहे का तुला? दोन अंड्यांसाठी घरचं धान घालवलंस?"

"डोकं तुह्यापाशी हाय ना ताई," तो शांतपणे म्हणाला. "मले तं थे माय पान्यात उभी दिसली. फोडलो पाळ."

"आणि कौतिका काय म्हणाली?"

"थेनंच तं फावडं आणून देलन."

गावातल्यांनी आपल्याकडचे उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणून दिले, अर्ध्या बांधीत पुन्हा रोवणी झाली. अर्धी त्या वर्षी पडीकच राहिली.

पाळ फोडल्यावर आठ-दहा दिवसांनी सकाळीच फोन. "आत्ताच्या आत्ता ये. इचारू नको काऊन म्हणून." मी पहिली बस धरली. पाळीआड आम्ही दोघं चिखलात उकिडवे बसलो. गवतातून मुठीएवढं, तांबूस पिल्लू बाहेर आलं. पाण्यात पाय टाकला, घसरलं, पुन्हा टाकला... "चाल, चाल ना बापू," नत्थू पुटपुटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. माझं मनगट त्याने इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली. मागून दुसरं पिल्लू आलं आणि पहिल्यावरच जाऊन आदळलं. मला असं हसू फुटलं की नत्थूने चिखलाच्या हाताने माझं तोंड दाबलं. त्याच्या हाताखाली मी हसतच राहिले. शेवटचं असं कधी हसले होते, ते आठवेना.

परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, आज दिवसभर मुख्याध्यापकपद मनात आलंच नाही. रोवणा त्याचा गेला होता आणि हलकी मी झाले होते. हुशारीने मला पुष्कळ दिलं, ते मी नाकारत नाही. पण ती सकाळ हुशारीने मिळाली नसती. नत्थूच्या जागी मी असते, तर पाण्याची पातळी मोजत बसले असते.

तेरवी झाल्यावर कौतिका मला शेतात घेऊन गेली. मोहाच्या झाडाखाली एक नवा, बुटका बाक होता. "तुमच्यासाठी करून राहिले होते," ती म्हणाली. "ताईचे गुडघे दुखतात, थे खाली बसू नाई शकत म्हनत... सांगू नको म्हनले होते."

दुरूनच मला दिसलं, माप चुकलं होतं. एक पाय आखूड होता. त्याच्याखाली त्याने कौलाचा तुकडा सरकवला होता.

मी बसले. बाक जराही हलला नाही.